केसांचा टोप: राजाच्या डोक्यापासून वर्गातल्या बाकापर्यंत

केसांच्या टोपाचे नाव काढले की आपल्याला नाटकाचा रंगपट आठवतो. अंबाड्याला जोड देणारे गंगावनही आपल्या ओळखीचे आहे. परंतु आजारपणामुळे केस गळालेल्या एखाद्या माणसाने टोप घातला, की त्याच्याविषयी कुजबुज सुरू होते. टोप ही मुळात लाजेची वस्तू आहे काय? तिचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही.

सुरुवात इजिप्तपासून करू या. तेथे स्त्रीपुरुष डोके भादरत किंवा केस अगदी आखूड ठेवत आणि वरून टोप घालत. त्यामुळे उन्हाळा सुसह्य होई आणि उवांचा त्रासही कमी होई. थीब्ज येथे सापडलेला, इसवी सनापूर्वी १४०० च्या सुमाराचा एक टोप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात माणसाचे सुमारे १,२०,००० केस आहेत. आपल्या डोक्यावर साधारणपणे एक लाख केस असतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कारागिराच्या चिकाटीची कल्पना येते. वर कुरळ्या बटा, खाली बारीक वेण्या आणि त्यांवर मधमाशीचे मेण व राळ यांचा लेप अशी त्याची रचना आहे. मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे इजिप्तच्या उन्हातही बटा मोडत नसत. हा टोप कोणी लपवत नसे. तो प्रतिष्ठेचे लक्षण होता.

युरोपात टोपाची लाट आली ती एका राजाच्या टकलामुळे. फ्रान्सच्या तेराव्या लुईचे केस तरुणपणीच विरळ झाले आणि १६२४ च्या सुमारास तो टोप घालू लागला. राजाने घातला म्हणून दरबाराने घातला. त्याचा मुलगा चौदावा लुई याच्या काळात तर टोपावाचून सभ्य पुरुष ही कल्पनाच करता येईना.

लंडनमधील नौदलाचा अधिकारी सॅम्युअल पीप्स याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. केस स्वच्छ ठेवण्याचा कंटाळा आला म्हणून त्याने नोव्हेंबर १६६३ मध्ये ते कापून टाकले आणि टोप घेतला. पण कटकट संपली नाही. टोपातल्या लिखा काढून घेण्यासाठी त्याला न्हाव्याकडे खेपा घालाव्या लागल्या. १६६५ मध्ये लंडनला प्लेग आला, तेव्हा नवा टोप घालायला तो कचरू लागला. हे केस प्लेगने मेलेल्या माणसाचे तर नसतील ना, या धास्तीने लोक टोप घेणेच सोडतील, असे त्याने लिहून ठेवले आहे. टोपातले केस दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावरचे असतात, हा विचार तेव्हाही माणसाला अस्वस्थ करीत होता.

हे केस तयार करण्याची रीत फार मनोरंजक आहे. फ्रान्समध्ये गार्सो याने १७६७ साली या कारागिरीवर सविस्तर पुस्तकच लिहिले. केस लांबीप्रमाणे निवडून लहान दांड्यांवर घट्ट गुंडाळत. मग ते सुमारे तीन तास पाण्यात उकळत, वाळवत आणि शेवटी कणकेच्या आवरणात घालून पाववाल्याच्या भट्टीत भाजत! असे केल्यावर बट कायम राही.

यामागचे विज्ञान वर्गात सहज सांगता येईल. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातील लांब साखळ्या दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. हायड्रोजन बंध दुबळे असतात. नुसत्या पाण्याने ते सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. म्हणून ओल्या केसांची वेणी घालून ती वाळल्यावर सोडली, तर केसांत लाटा दिसतात. पण हवा दमट झाली की त्या जातात. गंधकाचे बंध मात्र बळकट असतात. तासन् तास उकळल्यावर त्यांचीही फेरजुळणी होते, आणि म्हणून बट टिकते. अठराव्या शतकातील कारागिराला हे बंध ठाऊक नव्हते. अनुभव मात्र पक्का होता.

केस दमटपणाने लांबतो याचा उपयोग सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने करून घेतला. १७८३ मध्ये त्याने केसाच्या आर्द्रतामापकाची माहिती प्रसिद्ध केली. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेल्यास केस दोन टक्क्यांहून थोडा अधिक लांबतो. खऱ्या केसांचा टोप पावसाळ्यात का बिघडतो, याचे उत्तर येथेच आहे.

टोपावर पिठाची भुकटी उडवण्याचीही पद्धत होती. धान्यटंचाईच्या काळात, १७९५ मध्ये, ब्रिटिश सरकारने या भुकटीवर वर्षाला एक गिनी कर बसवला. फॅशन आधीच उतरणीला लागली होती. करामुळे ती अधिकच ओसरली. वकिलांचे टोप तेवढे राहिले. १८२२ मध्ये हम्फ्री रेव्हन्सक्रॉफ्टने घोड्याच्या केसांचा, भुकटी किंवा कुरळेपणाची निगा न लागणारा टोप काढला आणि त्याचे पेटंट घेतले.

यानंतर महत्त्वाचा बदल झाला. सगळेच टोप घालत होते, तेव्हा टोपाखाली टक्कल आहे की दाट केस, याची कोणी चौकशी करीत नसे. सर्वांनी टोप काढल्यावर तो मुख्यतः केस गेलेल्यांपुरता उरला, आणि म्हणूनच लपवण्याची वस्तू ठरला. वस्तू तीच होती, रिवाज बदलला होता.

विसाव्या शतकात टोपाला वैद्यकीय साधनाचे स्थान मिळाले. कर्करोगावरील काही औषधे वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करतात. केसांच्या मुळांतील पेशीही अशाच, म्हणून केस गळतात; उपचार संपल्यावर बहुधा ते परत येतात. चाई या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर हल्ला करते. चाई संसर्गजन्य नाही. डोक्यावरचा गजकर्ण मात्र संसर्गजन्य असतो, म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

टोपाची निगाही याच विज्ञानातून समजते. डोक्यावरच्या केसाला त्वचेतून तेल मिळते, टोपातल्या केसाला ते मिळत नाही. म्हणून तो सौम्य शाम्पूने, न चोळता धुवावा, कंडिशनर लावावा आणि स्टँडवर सावलीत वाळवावा. एक लांब केस चिमटीत धरून लांबीच्या दिशेने चोळून पाहा. तो एकाच दिशेने सरकतो, कारण त्याच्यावरचे खवले टोकाकडे वळलेले असतात. टोपात काही केस उलटे बसवले गेले, तर हे खवले एकमेकांत अडकून गुंता होतो. कृत्रिम धाग्याच्या टोपाला दमटपणाचे भय नाही, पण उष्णतेचे आहे. तो थंड पाण्याने धुवावा. साध्या कृत्रिम टोपाला गरम हवेचे यंत्र लावू नये. चुलीपुढे किंवा गॅसपुढे वाकतानाही सांभाळावे, कारण धागे वितळून आखडतात.

आपल्या वर्गात एखादी मुलगी टोप किंवा रुमाल बांधून येईल. ती दिसल्यावर चारचौघांत चौकशी करू नये. वर्गाला काय सांगायचे, किंवा काही सांगायचे का, हे आधी तिला आणि तिच्या पालकांना विचारावे. टोप ओढण्याची थट्टा मात्र पहिल्याच दिवशी थांबवावी. आणि केसाचा पाठ शिकवताना इजिप्तचा टोप व फ्रान्सची भट्टी यांची गोष्ट सर्वांनाच सांगावी. तिच्याकडे न पाहता सांगितलेली ही गोष्ट तिलाही ऐकू जाईल.