देवणी (गोवंश)

लातूर जिल्ह्यातील देवणी या तालुक्याच्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा गोवंश. गाय दुधाला, बैल औताला, असा दुहेरी उपयोग. लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव, हिंगोली आणि कर्नाटकातील बीदर हा त्याचा मूळ पट्टा. गीर, डांगी व स्थानिक जनावरांच्या मिश्रणातून तो घडला असे मानतात.

रंगावरून तीन प्रकार पडतात. वानेऱ्याचे अंग पांढरेशुभ्र, तोंड मात्र काळपट. बालंक्याही पांढराच, पण पोटाकडच्या बाजूला काळे ठिपके. शेवऱ्याच्या अंगभर वेडेवाकडे काळे डाग. कपाळ फुगीर, कान लांब व लोंबते, मानेखालची पोळी भरदार. गीरशी असलेले नाते इथे लपत नाही. माळेगावच्या खंडोबा यात्रेतील पशुप्रदर्शनात लाल कंधारीच्या बरोबरीने देवणीचे वळूही उतरतात.

दूध बेताचे, पण फॅट चार टक्क्यांच्या वर.

या वंशाची पीछेहाट साथीच्या रोगाने झालेली नाही. ती कडब्यावाचून झाली. खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, आणि ज्वारीबरोबर गंजीही गेली. मळणीनंतर उरणारी सोयाबीनची गुळी जनावरे कडब्यासारखी आवडीने खात नाहीत. गायराने आक्रसली. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली, तेव्हा बैलजोडी वर्षभर दावणीला पोसण्याचे कारणही उरले नाही. खोंडाला किंमत नसेल तर गाय फक्त दुधावर तोलली जाते, आणि त्या तराजूत होल्स्टीन व जर्सीचा संकर जड भरतो.

2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रातील गाय-बैल 2012 च्या मानाने सुमारे 10 टक्क्यांनी घटून 1 कोटी 40 लाखांच्या आसपास आले. देशभरात त्याच काळात देशी गोधन 6 टक्क्यांनी कमी झाले; विदेशी व संकरित मात्र 26 टक्क्यांहून अधिक वाढले.

राज्यात 2015 पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. तिने वंश राखला जातो, की म्हातारा बैल विकता येत नाही म्हणून शेतकरी गोठाच आवरता घेतो, यावर एकमत नाही.

संवर्धन : देशी गोवंशासाठी केंद्राचे राष्ट्रीय गोकुळ मिशन (2014).

बाजार : हाळी-हंडरगुळी (ता. उदगीर).