फॉलन्सबी तळ्याकाठचे दहा विद्वान

डोंगरात जाऊन तळ्याकाठी तंबू ठोकायचा, चूल मांडायची, दोन दिवस कुणाचे तोंड बघायचे नाही, ही हौस आता आपल्या गोव्यातही चांगलीच रुजली आहे. पण पोटासाठी नव्हे, यात्रेसाठी नव्हे, लढाईसाठीही नव्हे, तर निव्वळ मन मोकळे करायला माणसे रानात मुक्काम करू लागली, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. आपल्या पूर्वजांना विचारले असते तर त्यांनी वेड्यात काढले असते. घाटातली रात्र म्हणजे वाघाची, चोराची आणि हिवतापाची रात्र!

या हौसेच्या इतिहासातला एक मुक्काम मला फार आवडतो. तो घडला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत, फॉलन्सबी नावाच्या तळ्याकाठी, ऑगस्ट १८५८ मध्ये. तळे म्हणायचे खरे, पण त्याचा विस्तार साडेनऊशे एकरांच्या वर आहे. आपल्या मयेच्या तळ्यावर वाढलेल्या माणसाला तो समुद्रच वाटावा. तिकडचे लोक मात्र त्याला आजही ‘पाँड’च म्हणतात.

मुक्काम ठरवणारा विल्यम स्टिलमन हा तिशीतला चित्रकार. ही राने त्याच्या पायाखालची. बॉस्टन-केंब्रिजच्या बड्या विद्वानांना एकदा रानात न्यावे असे त्याच्या मनात आले आणि त्याने नेलेही. कोण कोण होते? तत्त्वज्ञ-कवी राल्फ वाल्डो इमर्सन, वय ५५. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ लुई ॲगासीझ. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जेफ्रीज वायमन. कवी आणि संपादक जेम्स रसेल लोवेल. न्यायाधीश एबेनेझर होअर, जे पुढे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या मंत्रिमंडळात ॲटर्नी जनरल झाले. शिवाय आणखी काही वकील, डॉक्टर अशी मंडळी. स्टिलमन धरून एकूण दहा, आणि त्यांच्या दिमतीला दहा वाटाडे.

कवी लाँगफेलो यांनाही आमंत्रण होते. त्यांनी विचारले, इमर्सन बंदूक घेणार हे खरे का? खरे आहे म्हटल्यावर, मग कुणाला तरी गोळी लागणार, असे म्हणून त्यांनी येण्याचे नाकारले, अशी आठवण स्टिलमनने आत्मचरित्रात नोंदवली आहे. इमर्सनने बंदूक घेतली खरी. एका रात्री वाटाड्याने त्यांना होडीतून हरणाच्या शिकारीला नेले. दिव्याच्या उजेडात हरीण समोर उभे होते, पण इमर्सनना ते दिसेच ना! गोळी सुटलीच नाही. लाँगफेलोंची भीती फुकट गेली.

तिथे पोहोचणे सोपे नव्हते. शँप्लेन सरोवर ओलांडायचे, मग खेडवळ गाड्यांतून सॅरनॅकपर्यंत हाडे खिळखिळी करून घ्यायची. पुढे सगळा प्रवास होडीने. मध्ये जमीन आली की वाटाडे होडी डोक्यावर घेऊन चालत. तळ्याकाठी मोठमोठ्या मेपल वृक्षांखाली झाडाच्या सालींचे छप्पर उभारले आणि खाली कोवळ्या डहाळ्यांचे अंथरूण घातले. सकाळी नेमबाजी, मग ज्याला जे रुचेल ते. ॲगासीझ आणि वायमन मासे चिरून त्यांची अंतर्रचना बघत बसत. स्टिलमनने या मुक्कामाचे चित्र काढले, ते आज कॉन्कर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. त्यात एका बाजूला मासा चिरणारे शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला नेमबाज आणि मधोमध एकटे उभे इमर्सन!

आता यात आपल्याला काय, असे तुम्ही म्हणाल. थांबा, धागा आहे आणि तो दुहेरी आहे.

पहिला धागा गीतेचा. इमर्सनच्या हाती भगवद्गीतेचे विल्किन्सकृत इंग्रजी भाषांतर १८४५ मध्ये आले आणि त्यांनी ते आयुष्यभर जपले. त्यांची ‘ब्रह्म’ ही कविता नोव्हेंबर १८५७ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकाच्या पहिल्याच अंकात आली. मारणारा मारत नाही, मरणारा मरत नाही, हा दुसऱ्या अध्यायातला विचार तिच्यात आहे. अमेरिकन वाचकांना ती कळेना, त्यांनी तिची यथेच्छ विडंबने केली. ती छापणारा संपादक होता लोवेल. म्हणजे गीता वाचणारा कवी आणि त्याला छापणारा संपादक दोघेही एकाच छपराखाली झोपले होते.

दुसरा धागा तितका सुखाचा नाही. मुक्काम चालू असताना दोन साथीदार होडी वल्हवत एक वर्तमानपत्र नाचवत आले. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तार लागली होती, युरोप आणि अमेरिका जोडले गेले होते! रानात जल्लोष झाला. इमर्सनने या मुक्कामावर पुढे जी दीर्घ कविता लिहिली आणि १८६७ च्या संग्रहात छापली, तिच्यातही ही बातमी आहे.

ती तार जेमतेम तीन आठवडे चालली. पण तेवढ्यात तिच्यावरून गेलेला एक संदेश आपण वाचायला हवा. हिंदुस्थानातल्या बंडासाठी कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना परत बोलावण्याचा हुकूम निघाला होता. आता गरज उरली नाही, पलटणी हलवू नका, असे ३१ ऑगस्टला तारेने कळवले गेले आणि सरकारचे पन्नास हजार पौंड वाचले म्हणतात. गरज का उरली नव्हती? जूनमध्ये ग्वाल्हेरला झाशीची राणी पडली होती. विद्वान माशांची चिरफाड करत होते त्याच ऑगस्टमध्ये तात्या टोपे राजपुतान्यातून पाठलाग चुकवत धावत होते. गीता तळ्याकाठी पोहोचली होती, गीतेच्या देशातला आकांत मात्र तारेवर फक्त खर्चाचा हिशेब होऊन उतरला.

मी सरकारी कचेरीतला कारकून. फायलीत माणसाचा आकडा कसा होतो, हे मी रोज बघतो. म्हणून हा संदेश मला त्या सगळ्या कवितेपेक्षा जास्त बोलका वाटतो. याचा दोष इमर्सनना देता येणार नाही. पण ‘निर्जन शांतता’ हा शब्द जपून वापरावा एवढे मात्र कळते. ते रानही निर्जन नव्हतेच. मोहॉक आणि अबेनाकी लोक पिढ्यान् पिढ्या तिथे शिकारीला येत. आणि त्या दहा वाटाड्यांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत?

पुढे या मंडळींनी क्लब काढला, जवळच जमीन घेतली, पण १८६१ च्या यादवी युद्धात सारे विरले. १८६९ मध्ये मरे नावाच्या पाद्र्याचे पुस्तक आले आणि शहरी हौशांच्या झुंडी त्या डोंगरांत लोटल्या. पाठोपाठ लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडी होत्याच. अखेर १८९४ मध्ये न्यूयॉर्कने राज्यघटनेतच लिहून टाकले की सरकारी वन कायम रानटीच राहील. यामागे कवींपेक्षा पाण्याची काळजी मोठी होती. डोंगर उघडे पडले तर कालवे आटतील, ही भीती! म्हादईसाठी भांडणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजवायला नको.

आज ॲडिरॉन्डॅक पार्क गोव्याच्या सहापट मोठे आहे. त्यातली निम्म्याच्या आसपास जमीन खासगी. फॉलन्सबीही दीर्घकाळ खासगीच होते. २००८ मध्ये एका निसर्गसंस्थेने ते विकत घेतले आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने तिथल्या संरक्षणाचे हक्क घेतले. तळे आता मुख्यतः संशोधनासाठी राखून ठेवले आहे. म्हणजे ज्या काठावर तो नामवंत मुक्काम पडला, तिथे हौशांची गर्दी होऊ द्यायची नाही, असेच ठरले.

आपल्याकडे तळी आहेत, डोंगर आहेत, हौसही आहे. काय राखायचे आणि काय उघडे ठेवायचे, हे घटनेत लिहून टाकण्याइतकी हिंमत मात्र आपल्याला अजून व्हायची आहे.