अमेरिकन मराठी मिशन: योजिले एक, घडले दुसरे

देवाचे मार्ग माणसाच्या आडाख्यांत बसत नाहीत, ही ख्रिस्ती धर्मातील जुनी शिकवण आहे. यशयाच्या ग्रंथाचा ५५वा अध्याय हा तिचा मुख्य आधार. विजयी राजाची वाट पाहणाऱ्यांपुढे क्रुसावर मरणारा मसीहा आला, हा तिचा सर्वांत मोठा दाखला. अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या शतकात या शिकवणीची वारंवार कसोटी लागली.

१८१२ मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे पाच मिशनरी कलकत्त्याकडे निघाले. तेथे पोहोचताच कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. त्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटल्याने त्यांच्याविषयीचा संशय वाढला. याच काळात अडोनायरम जडसन व ल्यूथर राइस बाप्टिस्ट पंथाला मिळाले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांची तेथूनही रवानगी होणार होती, पण अर्जविनंत्यांनंतर त्यांना राहू देण्यात आले. कलकत्त्याची दारे बंद झाली म्हणून मिशन मराठी मुलखात आले.

मुंबईत पहिल्या दोन दशकांत झालेली धर्मांतरे बोटांवर मोजण्याइतकीच होती. कॉलऱ्याने १८२१ मध्ये त्या पाचांपैकी सॅम्युअल न्यूएल आणि १८२६ मध्ये, नाशिक भागातील दौऱ्यावर असताना, हॉल दगावले. मिशनच्या छापखान्याचे काम मात्र फोफावले. तेथे कसब शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाछापखाना उभारला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून काढले. छपाईच्या शाईत चरबी असते, या समजापोटी सोवळ्यातले लोक छापील पोथीला हात लावत नसत. म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. मिशनच्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला आणि तो संस्कृत ग्रंथांसाठी देशभर नावाजला. बायबल घरोघर जावे म्हणून आणलेल्या विद्येने हिंदू धर्मग्रंथांचाही प्रसार केला.

शाळांच्या बाबतीतही असेच घडले. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार यांनी आधी मुंबईत व नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत, पण स्त्रीशिक्षणाचे काम मिशनच्या कुंपणाबाहेर गेले.

अहमदनगरचे केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले. शिकलेले ब्राह्मण आधी येतील आणि बाकीचा समाज त्यांच्यामागून येईल, अशी त्या काळच्या अनेक मिशनऱ्यांची अपेक्षा होती. हरी रामचंद्र खिस्ती यांच्यासारखे काही जण आलेही. ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या त्या मात्र मुख्यतः नगर जिल्ह्यातील गावोगावच्या महार-मांग कुटुंबांमुळे. जातीचा जाच, शिक्षणाची ओढ आणि नातलगांचे जाळे ही त्यामागची कारणे इतिहासकार देतात. मंडळीतील श्रद्धावंत त्यातच देवाची निवड पाहतात.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्माही मिशनच्या कोणत्या मोहिमेचे फळ नव्हता. आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले, अशी हकीकत आहे. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी दीक्षा घेतली. मिशनला हाताशी एक विद्वान प्रचारक मिळाला. पण टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांतून ख्रिस्तभक्तीला मराठी वळण दिले, आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. ज्या बाप्तिस्म्यावर मिशन आपले यश मोजत आले होते, ती अटच तेथे उरली नाही.