मोशन कॉमिक
छापील चित्रकथेतील मूळ रेखाटनेच पडद्यावर हलवून, त्यांना आवाज व संगीत जोडून केलेला चित्रपट. पात्रे पार्श्वभूमीपासून कापून वेगळी करतात, मागे उरलेली मोकळी जागा रंगवून भरतात. हालचाल बहुधा ओठ, हात आणि कॅमेऱ्यापुरतीच. ‘द मार्व्हल सुपर हीरोज’ (१९६६) या मालिकेत जॅक कर्बी, स्टीव्ह डिटको यांची चित्रे अशीच वापरली. चित्रे जोमदार, हालचाल मात्र केविलवाणी. छापील कॉमिक पडद्यावर आणण्याची दुसरी रीत म्हणजे फक्त शैली घेणे. मुंबईतून १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ हा कॉमिक-नायक मराठी घरांत आणला. या कॉमिक्सच्या रंगरेषांचा ठसा ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ (२०२३) या चित्रपटातील मुंबॅटन या काल्पनिक नगरीवर दिसतो, पण तेथे छापील चित्रे न उचलता शैली नव्याने घडवली आहे. तेथील नायक पवित्र प्रभाकर २००४ च्या भारतीय कॉमिकमधला, चित्रकार जीवन कांग.