ब्लूमफाँटेन ते ब्रायटन

आमच्या शाळेच्या मैदानावर रग्बी कधी खेळली गेली नाही, आणि खरे सांगावयाचे तर तो लंबगोल चेंडू मी कधी हातातही धरलेला नाही. तरीही दिवाळीच्या फराळाबरोबर या धसमुसळ्या खेळाची एक हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे. हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. कलकत्त्यातील गोऱ्या साहेबांचा रग्बी क्लब १८७८ साली मोडला, तेव्हा सभासदांनी शिलकेतले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविला. इंग्लंड आणि स्कॉटलंड अजूनही त्या ‘कलकत्ता चषका’साठी झुंजतात. परंतु आज सांगावयाची आहे ती जपानची गोष्ट.

जपानात रग्बी रुजविली ती एका मास्तराने. म्हणूनही असेल, मला तिचे अंमळ अधिक कौतुक आहे. टोकियोच्या केइओ विद्यापीठात एडवर्ड क्लार्क नावाचे गृहस्थ इंग्रजी शिकवीत. शरदात आणि हिवाळ्यात मुले नुसती रिकामी बसतात, हे त्यांना पाहवेना. केंब्रिजला शिकून आलेल्या गिन्नोसुके तानाका यांना हाताशी धरून १८९९ साली त्यांनी पोरांच्या हाती चेंडू दिला. पुढे १९३० साली जपानचा राष्ट्रीय संघ कॅनडाच्या दौऱ्यावर गेला. घरच्या मैदानांवर कॉलेजांचे आणि कारखान्यांचे संघ ईर्ष्येने खेळत, प्रेक्षकही लोटत. उणे होते ते बाहेरच्या जगात. १९८७ साली विश्वचषक सुरू झाला. तेव्हापासून जपान प्रत्येक वेळी गेला आणि बहुतेक वेळा हात हलवीत परतला. १९९१ साली सेइजी हिराओ या देखण्या, चपळ कर्णधाराच्या हाताखाली झिंबाब्वेला ५२-८ असे हरविले, तेवढाच काय तो विजय.

आणि मग ४ जून १९९५ हा दिवस उजाडला. दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन गावी गाठ पडली न्यूझीलंडशी. न्यूझीलंडने आपल्या बऱ्याचशा मातबर गड्यांना त्या दिवशी विश्रांती दिली होती. तरी ऐंशी मिनिटांत त्यांनी एकवीस वेळा चेंडू जपानच्या रेषेपलीकडे टेकविला; म्हणजे दर चार मिनिटांना एकदा! सायमन कुलहेन या खेळाडूचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. त्याने एकट्याने ४५ गुण मिळविले. अखेरचा आकडा होता १४५-१७.

आम्हां मास्तरांना एक गोष्ट ठाऊक असते. वर्गात एखाद्या पोराला गणितात भोपळा मिळाला, की पुढे त्याने कितीही गणिते सोडविली तरी गावात तो भोपळ्यावरूनच ओळखला जातो. जपानी रग्बीचे तसेच झाले. तरुण पोरे फुटबॉलकडे वळली. १९९९ साली हिराओ स्वतः प्रशिक्षक म्हणून संघ घेऊन गेले, तेव्हाही तिन्ही सामने गेले. २०११ पर्यंतच्या सात विश्वचषकांत चोवीस सामने झाले. विजय एक, बरोबरी दोन, पराभव एकवीस.

२०१२ साली एडी जोन्स हा ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक आला. त्याची आई जपानी वंशाची. जपानी माणूस अंगाने लहान, म्हणून हरायचाच, हे म्हणणे त्याने मानले नाही. पहाटे पाचला पोरे मैदानावर! स्क्रमची झोंबाझोंबी शिकवावयास त्याने फ्रान्सचा दाल मासो आणला, चेंडू उंच झेलण्यासाठी इंग्लंडचा बोर्थविक. संघात परमुलखांत जन्मलेले गडीही पुष्कळ होते. कर्णधार मायकेल लीच न्यूझीलंडचा, पण पंधराव्या वर्षी जपानच्या शाळेत आलेला. “मग हा विजय जपानचा कसला?” असे आमच्या एका स्नेह्यांनी मला विचारले होते. मी त्यांना एवढेच विचारले, की शाळेत पंधराव्या वर्षी आलेला मुलगा त्या शाळेचा नव्हे काय?

१९ सप्टेंबर २०१५, इंग्लंडातील ब्रायटन. समोर दोनदा विश्वचषक जिंकलेली दक्षिण आफ्रिका. गंमत पाहा, ब्लूमफाँटेनला जपानला तुडविणाऱ्या न्यूझीलंडला त्याच वर्षी अंतिम सामन्यात हरविले होते ते याच दक्षिण आफ्रिकेने. गोरोमारूच्या अचूक लाथांनी जपान टिकून राहिला. वेळ संपत आली, गुण २९-३२, आणि जपानला पेनल्टी मिळाली. चेंडू खांबांमधून मारला तर तीन गुण आणि बरोबरी नक्कीच म्हणावयाची. दक्षिण आफ्रिकेशी बरोबरी म्हणजेही केवढा मान! वर बसलेल्या जोन्सचेही मत तेच होते. लीचने ऐकले नाही. त्याने स्क्रम मागितला. चेंडू उजवीकडे गेला, पुन्हा डावीकडे आला, माफीने तो हेस्केथकडे फेकला, आणि हेस्केथ डाव्या कोपऱ्यात रेषेवर झेपावला. ३४-३२! प्रेक्षकांत मोठमोठी माणसे लहान मुलांसारखी रडत होती.

चारच दिवसांनी स्कॉटलंडने ४५-१० असे पाणी पाजले. सामोआला व अमेरिकेला हरवून तीन विजय मिळाले, तरी जपान बाद झाला. तीन विजय मिळवूनही पुढे न गेलेला तो पहिलाच संघ.

२०१९ साली विश्वचषक जपानातच भरला. आयर्लंडला १९-१२ असे हरविले. १२ ऑक्टोबरला ‘हागिबिस’ वादळाने माणसे मेली, गावे बुडाली, काही सामने रद्द झाले. दुसऱ्या दिवशी योकोहामाला मृतांसाठी स्तब्ध उभे राहून जपानी खेळाडू मैदानात उतरले आणि स्कॉटलंडला २८-२१ असे नमवून प्रथमच उपउपांत्य फेरीत गेले. तेथे पुन्हा दक्षिण आफ्रिकाच समोर आली आणि तिने ब्रायटनचे देणे ३-२६ असे चुकते केले. तो दिवस होता २० ऑक्टोबर. हिराओ याच तारखेला २०१६ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वारले होते. ब्रायटन त्यांच्या हयातीत घडले. योकोहामा पाहावयास ते राहिले नाहीत.