अमृतधारा विरुद्ध लक्ष्मणधारा : नावाचा अर्थ मोठा की उच्चार?

१/८
१८ जुलै १९५०. कानपूरच्या 'रूपविलास कंपनी'ने आपल्या औषधाचे 'लक्ष्मणधारा' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला. १९२३ पासून हे औषध याच नावाने विकले जात होते. अर्जात वार्षिक उलाढाल सुमारे ४०,००० रुपये आणि बाजारपेठ सारा भारत अशी नोंद होती.

२/८
व्यापारचिन्हांचे निबंधक मुंबईत बसत. त्यांनी अर्जाची सूचना काढताच 'अमृतधारा फार्मसी'ने हरकत घेतली. पंडित ठाकुर दत्त शर्मा यांनी १९०१ मध्ये लाहोरात सुरू केलेले हे औषध आधी 'अमृत की धारा' म्हणून विकले जाई. १९०३ मध्ये ते 'अमृतधारा' झाले. हे नाव आधीच नोंदलेले होते आणि दोन्ही औषधे एकाच प्रकारच्या तक्रारींवरची होती.

३/८
कानपूरकरांची बाजू वरवर पाहता भक्कम होती. 'धारा' हा शब्द कोणाच्याही मालकीचा नाही. अमृत म्हणजे देवांचे पेय, लक्ष्मण म्हणजे रामाचा भाऊ. या दोहोंत कोणाची गल्लत होणार?

४/८
सप्टेंबर १९५३ मध्ये निबंधकांनी निर्णय दिला : नावे फसवी वाटावीत इतकी सारखी आहेत, तरीही नोंदणी द्यावी, पण केवळ उत्तर प्रदेशापुरती. हा निर्णय दोन्ही पक्षांना अमान्य झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर नावांत साम्यच नाही, असे ठरवले.

५/८
प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ एप्रिल १९६२ च्या निकालात न्या. एस. के. दास यांनी इंग्लंडमधील १९०६ च्या 'पियानोटिस्ट' खटल्याची कसोटी लावली : दोन्ही शब्द दिसतात कसे, ऐकू येतात कसे, माल कोणता आणि गिऱ्हाईक कोण?

६/८
येथे गिऱ्हाईक होते खेड्यापाड्यांतले आणि शहरांतले, साक्षर आणि निरक्षर. असा माणूस दुकानात उभा राहून समासाचा विग्रह करत नाही. त्याच्या स्मरणात नावाचा अर्धामुर्धा नाद उरलेला असतो. त्या नादात अमृतधारा आणि लक्ष्मणधारा जवळजवळ येतात. न्यायालयाने साम्य मान्य केले.

७/८
मग लक्ष्मणधारा संपली का? नाही. तिचा व्यापार वर्षानुवर्षे उघडपणे चालू होता. अमृतधारावाल्यांना तो ठाऊक होता, तरी ते गप्प राहिले होते. हे मौन त्यांना भोवले. न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून निबंधकांचा आदेश कायम केला. लक्ष्मणधारेला नोंदणी मिळाली, पण साऱ्या भारताऐवजी एका राज्यापुरती.

८/८
प्रामाणिकपणे, समांतर वापरल्या गेलेल्या चिन्हाला अटींसह नोंदणी देण्याची तरतूद १९९९ च्या कायद्यातही (कलम १२) आहे. मात्र ती आधार देते ती जुन्या, सिद्ध झालेल्या व्यापाराला. उद्या पाटी लावणाऱ्याला नव्हे. नवे नाव निवडणाऱ्याने शब्दकोशाआधी नोंदवही उघडावी, आपल्या मालाच्या वर्गातील नावे पाहावीत आणि ती मोठ्याने उच्चारूनही पाहावीत. नावाचा अर्थ मालक ठरवतो. त्याची ओळख मात्र गिऱ्हाइकाच्या कानात ठरते.