‘आधी एफआयआर आणा’

आजचा भाग जड आहे. हेडफोन लावा, आणि नको वाटलं तर मध्येच थांबवा.

काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीला घेऊन मी रात्री दीडला एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेले होते. (तिला विचारूनच सांगतेय.) खिडकीतून पहिलं वाक्य आलं, ‘आधी एफआयआर आणा.’ हे येतं कुठून, ते मी नंतर शोधत बसले.

शोधता शोधता पोचले देसाईगंजला. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, २६ मार्च १९७२. पोलीस ठाण्यातच बलात्कार झाल्याची एका आदिवासी मुलीची तक्रार. अख्ख्या केसला तिचं नाव चिकटलंय, म्हणून मी घेत नाही. डॉक्टरांनी तपासलं दुसऱ्या दिवशी रात्री आठला. वय १४ ते १६. निष्कर्ष काय? अंगावर जखम नाही, योनिपटल आधीच फाटलेलं, दोन बोटं सहज जातात. तिच्यावर उपचार काय झाले, ते मात्र निकालपत्रात सापडत नाही. म्हणजे हॉस्पिटल तिच्यासाठी नव्हतंच, कोर्टासाठी होतं!

नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, हे एक कारण. मग उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ ला कायदा बदलला. पण ती दोन बोटं? ती राहिलीच. २०१० मध्ये सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर त्यावर अहवाल लिहीत होते. केंद्राच्या आरोग्य खात्यानं ही चाचणी नको म्हटलं २०१४ मध्ये. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं, की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

आणि एफआयआर? २०१३ पासून सरकारी असो की खासगी, प्रत्येक हॉस्पिटलनं लगेच आणि फुकट उपचार द्यायचेच. पोलिसांना कळवायचं कामही त्यांचंच. नाकारलं तर एक वर्षापर्यंत कैद. आता हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा. घाई यासाठी, की एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, आणि गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी.

आम्हाला त्या रात्री यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा चार वाजले होते. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी तिला पाणी दिलं, मग विचारलं, ‘तपासू का?’